शून्यदाते आणि पंपवाले



वाढवून सांगण्यासाठी आपल्या मराठीत शब्दांचा तोटा नाही. थाप आहे, पुडी आहे, बंडल आहे. राईचा पर्वत होतो, पराचा कावळा होतो. लोणी कढवून ताजे काढलेले तूप ते लोणकढे; तशीच नुकती रचलेली, ताजी ताजी थाप ती लोणकढी. तरी वस्तीतल्या पोरांचे एवढ्यावर भागत नाही. ती रोज नवे शब्द पाडतात. काही ऐका.

शून्यदाता : मिरवणुकीला चारशे माणसे आली, तर हा चार हजार सांगतो. कोणी श्रमदान करतो, कोणी धम्मदान करतो, हा शून्यदान करतो. पदरचे काही जात नाही!

बॅनरणे : गल्लीतला एक नळ दुरुस्त करून घेतला की चौकात फोटो आणि खाली 'कार्यसम्राट'. मग पोरे म्हणतात, "भाऊ आज लईच बॅनरले."

पंपवाला : हा सायकलच्या चाकात भरावी तशी बोलण्यात हवा भरतो. कारकुनाचा मॅनेजर होतो, भाड्याच्या खोलीचा स्वतःचा ब्लॉक होतो. हवा जास्त झाली की ट्यूब फुटते.

हसून सोडून द्यावे असे वाटते खरे. पण ही हवा लग्नाच्या बोलणीत भरली, तर ट्यूब फुटते ती मुलीच्या संसारात. 'पर्मनंट नोकरी' ऐकून दिलेली लेक सासरी जाते, तेव्हा कळते की नोकरी रोजंदारीची आहे. रोजंदारी करण्यात कमीपणा नाही. ती लपवण्यात आहे. 'मुसावादा वेरमणी' हे शील आपण विहारात म्हणतो, ते अशा बैठकीत आठवले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या २२ प्रतिज्ञांतही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहेच.

शून्यदाते जयंतीच्या व्यासपीठावरही चढतात. बाबासाहेबांच्या पदव्यांचा आकडा भाषणागणिक वाढत जातो. कशासाठी? शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसवलेल्या त्या मुलाने कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. १९१५ साली आणि पीएच.डी. १९२७ साली मिळवली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी. झाले. ग्रेज इनचे बॅरिस्टर झाले. ह्यात भर घालायला जागा कुठे आहे? उलट एक खोटा आकडा घुसला की टपून बसलेला विरोधक तोच धरतो, आणि दहा खऱ्या गोष्टींवर पाणी पडते.

स्वतः बाबासाहेब कसे बोलत? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सगळे त्यांची स्तुती करीत असताना त्यांनी सांगितले की, हे श्रेय एकट्या माझे नाही; त्यात सर बी. एन. राव यांचा आणि मसुदा लिहिणारे एस. एन. मुखर्जी यांचाही वाटा आहे.

भगवान बुद्धांनी तर स्वतःच्या स्तुतीलाही हिशेब मागितला. नालंदा येथे सारिपुत्त म्हणाले, भगवंतांहून थोर ज्ञानी झाला नाही आणि होणार नाही. तथागतांनी विचारले, मागे झालेल्या बुद्धांचे चित्त तू जाणलेस का? पुढे होणाऱ्यांचे? निदान माझे तरी? सारिपुत्त नाही म्हणाले. मग एवढे मोठे बोल कसे? तेव्हा सारिपुत्तांनी आपण कोणत्या अनुमानाने बोललो ते समजावून सांगितले. पट्टशिष्याचीसुद्धा सुटका झाली नाही, मग आपली कशी व्हावी?

म्हणून येत्या जयंतीला भाषण करणाऱ्या मुलामुलींकडून आई-वडिलांनी आदल्या रात्री एकदा भाषण म्हणून घ्यावे. आकडा आला की विचारावे, "हा कुठून घेतलास?" उत्तर आले तर पाठ थोपटावी. नाही आले तर हळूच म्हणावे, "बाळ, पंप खाली ठेव."

तुमच्या घरी-दारी असे शब्द चालत असतील तर जरूर कळवा. मात्र वाढवून लिहू नका!