गिअर पडत नाही, दोष कुठे?



मागील खेपेस शिलाई मशीनचा दोरा पुनःपुन्हा का तुटतो, ते आम्ही लिहिले होते. या खेपेस एका मोटारीची हकिगत सांगणार आहोत. मोटार परदेशातली आहे आणि आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ती पाहिली असेल. परंतु हकिगत घरचीच आहे.

आमची लेक व जावईबापू इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे राहतात. जयंतीच्या निमित्ताने आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. जावईबापूंना जुन्या गाड्यांचा नाद. त्यांनी १९७४ सालची फोक्सवॅगन कॅम्पर घेऊन ठेवली आहे. कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली समजा. मागे उलगडून झोपता येईल असा बाक, लहानसा गॅस, हात धुवायला सिंक, एक कपाट. या जातीची गाडी जर्मनीत १९५० पासून निघू लागली. आमच्या जावयांच्या गाडीचा नमुना १९६७ ते १९७९ या काळातला, पुढची काच एकसंध, बाक दिलेली. १४ एप्रिलला याच गाडीतून लंडनला जायचे आणि १९२१-२२ च्या सुमारास बाबासाहेब जिथे राहिले ते १०, किंग हेन्रीज रोडवरील घर पाहायचे, असा बेत होता. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ साली विकत घेतले, तेव्हापासून आमच्या सहचारिणींच्या मनात ते पाहायचे होते.

आणि जयंतीला नऊ दिवस उरले असता गाडीला गिअर पडेना.

म्हणजे अगदीच पडेना असे नव्हे. पातेल्यात डाव फिरवावा तसा लिव्हर गरगर फिरे. पहिला टाकावा तर तिसरा पडे. दुसरा शोधता शोधता मागच्या गाडीवाल्याचा हॉर्न वाजे. रिव्हर्स तर आठवड्यातून दोनदा मनात आले तर पडायचा. रिव्हर्स लागणारच नाही अशा जागीच गाडी उभी करायची, ही युक्ती जावईबापूंनी शोधून काढली होती आणि तिचा त्यांना थोडा अभिमानही होता.

गॅरेजवाल्याने पाच मिनिटे गाडी फिरवून पाहिली आणि सांगितले, गिअरबॉक्स गेला. उतरवून खोलावा लागेल, तीन आठवडे लागतील, खर्च हजार पौंडांच्या वर. जावईबापू आगाऊ रक्कम भरायला निघालेच होते. लेक म्हणाली, "अहो, पैसे भरण्याआधी मला एकदा खाली जाऊन बघू द्या."

आम्ही पटकन बोलून गेलो, "पोरी, हात काळे करायला का तुला इंजिनिअर केलं?"

ती म्हणाली, "बाबा, आजोबांचे हात कसे होते?"

आम्ही गप्प झालो. आमचे वडील रेल्वेच्या कारखान्यात खलाशी होते. एकतीस वर्षे त्यांनी फिटरच्या हातात पाने दिले. नटावर नुसते बोट फिरवून कोणता पाना लागेल ते सांगत. फिटर रजेवर असला की काम तेच करीत. कागदावर मात्र शेवटपर्यंत खलाशीच राहिले. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे अस्पृश्य कामगार परिषदेत बाबासाहेबांनी हेच गाऱ्हाणे मांडले होते, की वर्कशॉपात आपला माणूस हमाल म्हणून चालतो, मेकॅनिक म्हणून चालत नाही. वडिलांच्या तोंडून ती परिषद आम्ही कितीदा तरी ऐकली होती. आणि तरीही आपली मुलगी गाडीखाली जाणार म्हटल्यावर आम्हांस कमीपणा वाटला. असो.

आता गाडीकडे वळू. या गाडीचे इंजिन मागे, गिअरबॉक्सही मागे आणि गिअरचा लिव्हर मात्र पुढे ड्रायव्हरपाशी. आपल्या तीनचाकी रिक्षाचेही असेच असते. गिअर हँडलच्या मुठीत, इंजिन मागे आणि मध्ये वायर. वायर ताणली की गिअर चुकू लागतात, हे रिक्षा चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. कॅम्परमध्ये वायरऐवजी लांब लोखंडी दांडी आहे. ती गाडीच्या पोटाखालून मागे जाते. दांडी दोन तुकड्यांची, सांध्याला कपलिंग, आणि दांडी ज्यातून सरकते तो प्लॅस्टिकचा बुश.

ही दांडी दोन कामे करते. लिव्हर पुढे-मागे केला की ती सरकते आणि डावी-उजवीकडे केला की ती स्वतःभोवती थोडी वळते. वळण्यावर गिअरची जोडी ठरते, सरकण्यावर जोडीतला एक. बुश झिजला की दांडी वळण्याऐवजी नुसतीच इकडेतिकडे डुलते. हाताने लिव्हर पुरता डावीकडे नेला तरी मागे दांडी अर्धीच वळते. रिव्हर्ससाठी लिव्हर खाली दाबून सर्वांत डावीकडे न्यावा लागतो, म्हणून सर्वांत आधी रुसतो तो रिव्हर्सच. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कालामांना भगवंतांनी सांगितले होते, की कोणी सांगितले एवढ्यावरून मानू नका, स्वतः पारखा. लेकीने काय काय पारखले ते आता क्रमाने सांगतो. तो क्रम कोणत्याही जुन्या गाडीला उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहायचे. बंद गाडीत गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर खरखरतात, असे असेल तर संशय क्लचवर घ्यावा. क्लच पुरता सुटत नसला तर गिअर पडणार कसा? अशा वेळी पेडलला मोकळी चाल किती आहे ते पाहावे. या गाडीत ती दोन सेंटिमीटरच्या आत हवी. जास्त असेल तर मागे गिअरबॉक्सपाशी क्लच केबलच्या टोकाला पंखांचा नट असतो, तो आवळून चाल कमी करता येते. पण आमच्या गाडीत इंजिन बंद असतानाही गिअर सापडत नव्हते. म्हणजे क्लच सुटला.

दुसरी गोष्ट, एकाने लिव्हर हलवायचा आणि दुसऱ्याने खाली पडून दांडीचे मागचे टोक पाहायचे. इथे सावधगिरीची सूचना आवर्जून देतो. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. सपाट जागा, चाकांना अटकाव, आणि गाडीखाली भक्कम स्टँड लावूनच जावे. जॅक घसरला की ओरडायलाही वेळ मिळत नाही.

एप्रिल असला तरी तिकडे थंडी होती. लेक जुन्या घोंगडीवर उताणी पडली. लिव्हर हलवायचे काम आमच्याकडे आले. "डावीकडे, बाबा. अजून. आता उजवीकडे." आम्ही वीतभर हलवीत होतो. खालून ती म्हणाली, "मागे दांडी जेमतेम हलतेय." मग तिने दांडीचे मागचे टोक हाताने धरून फिरवले, तर गिअरबॉक्सने पहिला, दुसरा, तिसरा असे सगळे गिअर मुकाट्याने घेतले. गिअरबॉक्स बिचारा तयार होता, त्याच्यापर्यंत निरोप पोचत नव्हता!

त्या रात्री जेवताना जावईबापू फार बोलले नाहीत.

नवा बुश आणि कपलिंगचे रबरी तुकडे असे मिळून खर्च आला अठ्ठावीस पौंड. माल चार दिवसांनी टपालाने आला. कपलिंगमध्ये चौकोनी डोक्याचा स्क्रू असतो, तो आपोआप सैल होऊ नये म्हणून तारेने बांधलेला असतो. ती तार कापून स्क्रू काढला, दांडी सोडवून बुशाबाहेर ओढली. जुना बुश बाहेर आला तो अख्खा नव्हेच; खारकेच्या बियांसारखे पिवळट तुकडे हातात आले. नवा बुश बसवून ग्रीस लावले आणि स्क्रू आवळून पुन्हा तार बांधली. ही तार बांधण्याचा कंटाळा करू नये. वाटेत स्क्रू सुटला तर एकही गिअर हाती राहत नाही.

काम झाले म्हणून सर्वांनी चहा घेतला. पाहतो तर पहिल्यापासून चौथ्यापर्यंत सगळे गिअर लोण्यासारखे, आणि रिव्हर्स अजिबात नाही! आधी निदान आठवड्यातून दोनदा पडत होता. लेकीचा चेहरा उतरला. "तरी मी म्हणत होतो," असे जावईबापूंच्या ओठांवर आलेले आम्ही पाहिले. ते त्यांनी गिळले, हे नमूद केले पाहिजे.

चूक अर्ध्या तासाने सापडली. साफसफाईसाठी तिने लिव्हरही काढला होता. लिव्हरच्या बुडाशी एक पातळ पत्री असते. चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून ती आडवी येते आणि लिव्हर दाबला की वाट देते. ती उलटी बसली होती. काढण्यापूर्वी खडूने खूण केली असती तर अर्धा तास वाचला असता. वडील कोणताही नट सोडण्याआधी कोळशाने रेघ ओढीत, ते आम्हांस तेव्हा आठवले, पण वेळेवर नाही. पत्री सुलटी केली. मग गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून, लिव्हरचे दोन बोल्ट सैल करून लिव्हर केसभर इकडेतिकडे सरकवीत सगळे गिअर बिनतक्रार पडतील अशी जागा शोधली आणि बोल्ट आवळले.

गिअरबॉक्सचे तेलही बदलले. साडेतीन लिटर लागते. तेल ८०-९० नंबरचे आणि जीएल-४ प्रतीचे. जास्त नंबरचे म्हणजे जास्त चांगले असे समजून पुष्कळ लोक जीएल-५ घालतात. जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना ते मानवत नाही. आणखी एक, तेल भरायचा वरचा बोल्ट सुटतो याची खात्री झाल्यावरच खालचा उघडावा. खालून तेल सांडून गेले आणि वरचा बोल्ट गंजून बसला, तर गाडी तिथेच उभी.

चौदा तारखेला पहाटे निघालो. गाडी लेकीने चालवली. किंग हेन्रीज रोडवर दोन मोटारींच्या मध्ये जेमतेम जागा होती, आणि तिथे रिव्हर्सवाचून गत्यंतर नव्हते. तिने लिव्हर दाबला, डावीकडे नेला, मागे ओढला. गाडी मुकाट्याने मागे गेली. आमच्या सहचारिणी मांडीवर फुले घेऊन बसल्या होत्या. त्या उतरल्या आणि बराच वेळ दारासमोर नुसत्याच उभ्या राहिल्या.

परतीच्या वाटेवर संध्याकाळी गारवा पडला, तेव्हा दुसरा गिअर टाकताना एकदा खरखर झाली. लेक म्हणते, ते आतले कडे झिजले आहे, त्याला बुश आणि तेल पुरे पडणार नाही. म्हणजे गॅरेजवाल्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. गाडी गरम झाली की खरखर थांबते. गिअरबॉक्स हिवाळ्यात उतरवायचा असे ठरले आहे, आणि तो उतरवताना खाली दुसरा माणूस कोण, यावर जावईबापूंनी स्वतःहून हात वर केला आहे.