डोंगरावर चढा, पण आधी परवाना काढा

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक थकून झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. मी तेव्हा आठवीत होतो. आम्ही मुखेडकडचे. आमच्याकडेही भांडी पडली, माणसं अंगणात आली, पण घरं उभी राहिली. माझी मावशी मात्र त्या उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांपैकी एका गावात दिलेली होती. ती जिवंत आहे की नाही, हे कळायला आम्हाला अडीच दिवस लागले.

गावात फोन एकच, तोही डेड. वडील मिळेल त्या गाडीनं लातूरला गेले आणि पुढं बरंच पायी. मावशी वाचली. मावसभाऊ नाही वाचला. परत आल्यावर वडील सांगत होते, "तिथं एका तंबूत मोटारीच्या बॅटरीवर मशीन लावून काही माणसं बोलत बसली होती. कुणाला औषध पाहिजे, कुठल्या गावात काय कमी आहे, सगळं तिकडं कुठं कुठं कळवत होती." ती माणसं सरकारी नव्हती. बाहेरून आलेले हॅम होते ते. हौशी रेडिओ चालवणारे. सुमारे आठ हजार माणसं गेली त्या भूकंपात, आणि बाहेरच्या जगाशी बोलायला जे काही धागे होते त्यात हा एक होता.

आज हे सगळं लिहायचं कारण माझा भाचा. इंजिनिअरिंगला आहे. मागच्या रविवारी दोन वॉकीटॉकी घेऊन घरी आला. ऑनलाइन मागवल्या होत्या, दिसायला एकदम पोलिसांसारख्या. म्हणाला, "मामा, आम्ही पोरं हत्तीबेटावर जाणार आहोत. वरून किती लांब बोलता येतं ते बघायचंय. परदेशात लोक डोंगरावर जाऊन रेडिओ लावतात, व्हिडिओ बघितलेत मी."

खरं आहे त्याचं. 'समिट्स ऑन द एअर' नावाचा उपक्रम २००२ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि आता जगभर पसरलाय. पाठीवर रेडिओ, बॅटरी, तार घेऊन शिखरावर जायचं, तिथून संपर्क करायचे, नोंद ठेवायची, उतरायचं. छंद चांगला आहे. मी त्याला जा म्हणालो, पण हे घेऊन नको.

का नको ते नीट सांगतो, कारण अशी पोरं आता गावोगावी आहेत.

आपल्याकडं विनापरवाना चालणाऱ्या वॉकीटॉकी असतात, पण त्या ४४६ मेगाहर्ट्झच्या एका छोट्या पट्ट्यातल्या, कमी ताकदीच्या आणि सरकारी मान्यता मिळालेल्या. भाच्याच्या हातातला सेट तसा नव्हता. त्यावर बटणं दाबून भलत्याच फ्रिक्वेन्सीवर बोलता येतं, जिथं पोलीस किंवा दुसरी कुठली सेवा बोलत असेल. असे सेट ऑनलाइन सर्रास विकले जातात म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये विक्री करणाऱ्या मोठ्या वेबसाइटना नोटिसा काढल्या. पण पोरांना वाटतं, दुकानात मिळतंय म्हणजे चालतंय. मोटारसायकलही दुकानात मिळते, लायसन्स वेगळंच काढावं लागतं ना?

हॅमचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंग देतो. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. थोडा रेडिओचा अभ्यास, थोडे नियम. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स कोड लागत नाही. अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर होतो. पास झालात की तुमचं स्वतःचं कॉलसाइन मिळतं. रिस्ट्रिक्टेडवाल्यांचं व्हीयू३ नं सुरू होतं, जनरलचं व्हीयू२ नं. राजीव गांधींचं व्हीयू२आरजी होतं, हे जुन्या लोकांना आठवत असेल.

परवाना मिळाला म्हणजे मोकाट रान मिळालं असं मात्र नाही. या रेडिओवरून धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, सांकेतिक भाषेत बोलायचं नाही. कॉलसाइन सांगायचं, वहीत नोंद ठेवायची. परवाना नसलेल्या मित्राच्या हातात 'घे, तू पण बोल' म्हणून माईक द्यायचा नाही. आणि डोंगरवाल्यांसाठी महत्त्वाचं: परवान्यावर तुमच्या केंद्राचा पत्ता असतो. दुसऱ्या ठिकाणाहून चालवायचं तर त्याबद्दलची अट आधी वाचा आणि लागेल ती परवानगी घेऊनच निघा.

पुढं जागेचा प्रश्न. माहूरचे डोंगर आपल्या जिल्ह्यातले सगळ्यात देखणे. पण माहूर-किनवटच्या बाजूला पैनगंगा अभयारण्य आहे, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. किल्ला असेल तर पुरातत्त्व खात्याचे नियम. तटबंदीत खिळा ठोकून तार बांधायची नाही. देवस्थान असेल तर तिथल्या लोकांना आधी सांगायचं. आणि कुठंही गेलात तरी पोलीस पाटलाला, जवळच्या ठाण्याला कळवून जा, परवान्याची प्रत खिशात ठेवा. टेकडीवर चार अनोळखी पोरं तारा टाकून मशीनमध्ये बोलतायत म्हटल्यावर गावकऱ्यांना शंका येणारच. त्यात त्यांची चूक नाही.

आता जिवाचं बोलू. परवाना नसला तर दंड होईल, केस होईल. वीज पडली तर काहीच उरत नाही. एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात शेतात माणसं-जनावरं विजेनं जातात, दरवर्षी पेपरात वाचतो आपण. आणि आपली पोरं करणार काय, तर परिसरातल्या सगळ्यात उंच ठिकाणी जाऊन तिथं आणखी उंच काठी उभी करणार! कार्बन फायबरची गळाची काठी वापरतात काहीजण, ती तर वीज वाहते. म्हणून नियम साधा ठेवा. निघण्याआधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप बघा. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून व्हायच्या आत आवाज आला, तर तार सोडा, रेडिओ सोडा, खाली उतरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. हजारांचा रेडिओ भिजला तर भिजू द्या.

बाकीच्या गोष्टी डोंगर चढणाऱ्याला माहीत असतात, तरी सांगतो. विजेच्या लाइनजवळ तार फेकायची नाही. कड्याच्या बाजूला आग्या मोहोळ आहे का बघायचं, तिथं धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत वर आणि दहाच्या आत खाली. माणशी तीन लिटर पाणी. दगडात हात घालण्याआधी काठीनं बघायचं, घोणस सांगून येत नाही. एकट्यानं जायचं नाही आणि कधी परत येणार ते घरी सांगून जायचं.

आता कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे. मोबाइलचा टॉवर विजेवर चालतो, वीज गेली की बॅटरीवर, बॅटरी संपली की बंद. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात रात्रीतून पाणी चढलं, हसनाळसारख्या गावांत माणसं गेली, लष्कर बोलवावं लागलं. २०२४ च्या मार्चमध्ये आणि परत जुलैमध्ये हिंगोलीकडं केंद्र असलेले ४.५ रिश्टरचे धक्के नांदेडला बसले, लोक रस्त्यावर आले. अशा वेळी सगळे एकदम फोन लावतात आणि कुणाचाच लागत नाही.

डोंगराचा उपयोग इथं आहे. सपाट जमिनीवर हातातला व्हीएचएफ सेट ते हातातला सेट, फार तर आठ-दहा किलोमीटर. तोच माणूस आजूबाजूपेक्षा शंभर मीटर उंच टेकडीवर बसला, मध्ये दुसरा डोंगर नसला, तर हिशेबानं पंचेचाळीस किलोमीटरपर्यंत ऐकू जातो. म्हणजे एका टेकडीवर एक माणूस बसला तर तालुक्यातली बरीच गावं एकमेकांशी जोडली जातात. नांदेड ते माहूर एवढं लांब बोलायचं तर शॉर्टवेव्हच्या ७ मेगाहर्ट्झवर दोन झाडांना बांधलेली तार पुरते. त्याला डोंगरसुद्धा लागत नाही. यात जादू काही नाही. सराव लागतो. कुठली टेकडी कुठपर्यंत ऐकते, बॅटरी किती तास टिकते, हे पूर आल्यावर शिकता येत नाही. पोरांचं रविवारचं डोंगर चढणं म्हणजेच तो सराव.

हत्तीबेटावरून रझाकारांविरुद्ध लढले ती माणसं काय म्हणून तिथं गेली असतील? वरून चहूकडचं दिसतं म्हणून. आज वरून चहूकडचं ऐकूही येऊ शकतं.

म्हणून माझं म्हणणं दोन्ही बाजूंना आहे. पोरांनो, चोरून खेळू नका. विनापरवाना सेटवाल्याला संकटात कुणी जवळ उभं करणार नाही, आणि का करावं? आणि प्रशासनाला विनंती, नुसत्या जप्त्या करून थांबू नका. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणं जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांनी परवानाधारक हॅमची यादी करावी, मॉक ड्रिलला त्यांना बोलवावं, वर्षातून एकदा ठरलेल्या टेकड्यांवरून चाचणी घ्यावी. इंजिनिअरिंग कॉलेजांनी, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठानं परीक्षेचे वर्ग घ्यावेत. संस्थेच्या नावानं क्लबचा परवाना मिळतो. एका पंख्याच्या उद्घाटनाला जेवढा खर्च होतो तेवढ्यात हे होईल.

३० सप्टेंबरला आपण दरवर्षी किल्लारीच्या स्मृतिस्तंभापुढं उभे राहतो, फुलं वाहतो. वाहायलाच पाहिजेत. पण त्याच दिवशी दोन्ही जिल्ह्यांतल्या चार टेकड्यांवरून आपली पोरं 'माझं ऐकू येतंय का' विचारतायत आणि खालून 'येतंय, बोल' असं उत्तर येतंय, ही पण श्रद्धांजलीच होईल.

भाच्यानं ते सेट परत पाठवलेत. परीक्षेचं पुस्तक मागवलंय. मीही सोबत अभ्यास करतोय, पन्नाशी जवळ आली तर काय झालं. सध्या इंटरनेटवरच्या रेडिओ रिसीव्हरवर रात्री दोघं ऐकत बसतो. तुमच्या गावात कुणी परवानाधारक असेल तर त्यांना सांगा, कमेंटमध्ये फक्त तालुका लिहा. फोन नंबर इथं टाकू नका.