कोळगावहून मुंबईला हलवण्यापूर्वी

पालघर-बोईसर रस्त्यावरच्या कोळगावात आता जिल्ह्याची कचेरी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर ठाण्यापासून वेगळा झाला आणि कागदपत्रांसाठी ठाणे गाठायचे संपले. छातीत कळ आली की मात्र घरच्यांच्या तोंडी पहिले शब्द अजून तेच: ‘मुंबईला हलवा.’ म्हणजे मनोरमार्गे शंभरेक किलोमीटर.

निघण्यापूर्वी पुष्कळदा शिरेतून नायट्रोग्लिसरीन सुरू होते. मुळात हे स्फोटक. १८४७ साली सोब्रेरो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केले, नोबेलने त्यापासून डायनामाइट घडवला. त्या कारखान्यांतल्या कामगारांची डोकी सोमवारी हटकून ठणकत. रविवारच्या सुटीत शरीराची सवय मोडे आणि रक्तवाहिन्या पुन्हा एकदम सैलावत. १८७९ साली लंडनच्या डॉ. मरेल यांनी हृदयशूळावर त्याचा उपयोग दाखवून दिला. पुढे खुद्द नोबेललाच डॉक्टरांनी ते लिहून दिले!

औषध गुणी आहे, यात वाद नाही. शिरा सैल होतात, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, भार उतरतो. रक्तदाब चढून फुप्फुसांत पाणी भरलेला माणूस या थेंबांनी श्वास घेऊ लागतो. पण कळ थांबली म्हणजे झटका टळला, हा समज घातक आहे. धमनीतली गुठळी या औषधाने विरघळत नाही. इटलीतल्या ‘गिसी’ गटाने १९८६ साली ११ हजारांहून अधिक रुग्णांवर दाखवले की, गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज लवकर दिले तर मृत्यू घटतात. त्याच गटाने १९९४ साली १९ हजार रुग्णांत नायट्रोग्लिसरीन सरसकट देऊन पाहिले; मृत्यूंत म्हणण्याजोगा फरक पडला नाही.

शिवाय थेंब मोजावे लागतात. मिनिटाला पाच-दहा मायक्रोग्रॅमपासून सुरुवात, दर काही मिनिटांनी रक्तदाब, आणि त्यासाठी इन्फ्युजन पंप. साध्या पीव्हीसी नळीत तर औषध नळीलाच चिकटून राहते. हृदयाच्या उजव्या कप्प्याला झटका असेल किंवा रुग्णाने आदल्या दिवशी सिल्डेनाफिलची गोळी घेतली असेल, तर रक्तदाब धाडकन कोसळतो. (ही गोळी घेतल्याचे लाजेने कोणी सांगत नाही, म्हणून डॉक्टरांनीच एकांतात विचारावे.)

तेव्हा मागणी मुंबईच्या गाडीपुरती नको. दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल आणि रक्तस्रावाचा धोका नसेल, तर गुठळीचे औषध पालघर-बोईसरलाच मिळाले पाहिजे. गाडीत पंप आणि रक्तदाब पाहणारा जाणता माणूस हवा. नातेवाइकांनी एवढेच करावे: ईसीजीचा कागद सोबत घ्यावा आणि कोणते औषध किती वाजता सुरू झाले, ते त्यावर लिहून घ्यावे.