पोरखेळ नव्हे, हस्तव्यवसाय!

बिनतारी यंत्राने उडविण्याचे छोटे विमान म्हणजे श्रीमंतांच्या मुलांचे खेळणे, अशी समजूत आपल्याकडे दृढ आहे. माझे मत नेमके उलट आहे. बेळगाव-निपाणी भागातील माध्यमिक शाळांनी, मग त्या मराठी असोत वा कानडी, हा उद्योग हस्तव्यवसायाच्या तासाला शिकवावा.

कारण उघड आहे. हे विमान आधी घडवावे लागते. बाल्साच्या हलक्या लाकडाचा किंवा थर्मोकोलचा पंख कापायचा आणि विमानाचा तोल पंखाच्या पुढील कडेपासून त्याच्या रुंदीच्या पाव ते एकतृतीयांश अंतरावर आणायचा. शेपूट जड राहिली की विमान नाक वर करून कोसळते. तेथे कोणाचा वशिला चालत नाही. सोडताना वाऱ्याकडे तोंड करून ते सरळ समोर ढकलावे. उत्साहाच्या भरात आभाळाकडे भिरकावले की वेग मरतो. पुढे ते आपल्याच दिशेने परतू लागले म्हणजे डावे-उजवे उलटते! तेव्हा जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला दांडी द्यावी. दुसऱ्याच्या जागी बसून विचार करण्याचा हा धडा कोणत्या क्रमिक पुस्तकात आहे?

कोल्हापुरास विमानाचे अप्रूप राजाराम महाराजांच्या कारकिर्दीपासूनचे. सांबऱ्यास तर वायुदलाचे प्रशिक्षण केंद्रच आहे. तरीही आसपासच्या खेड्यांतील मुलांच्या वाट्याला मान वर करून पाहणेच येते. एन.सी.सी.च्या हवाई शाखेत नमुना-विमाने शिकवितात. पण ती शाखा मोजक्याच विद्यार्थ्यांना लाभते.

यात धोका आहे, असे कोणी म्हणेल. आहेच, म्हणूनच शिस्त हवी. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे असे विमान नजरेच्या टप्प्यातच ठेवावे लागते आणि विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीखेरीज उडविता येत नाही. अर्थात सांबऱ्याच्या परिसरात हा खेळ नको. परंतु तंबाखू निघाल्यावर मोकळी पडणारी निपाणीकडील राने थोडी का आहेत? सरकारी नकाशा पाहून, रानमालकास विचारून, वस्ती व विजेच्या तारांपासून दूर अशी एक जागा ठरवावी. रविवारी सकाळी, वारा मंद असताना, एखाद्या जाणत्या शिक्षकाने तेथे उभे राहावे.

स्नेहसंमेलनाच्या मांडवावर आपण जो पैसा उधळतो, त्यातील थोडा या कामी वळविला तरी आरंभ होईल. शाळाचालकांनी येत्या वर्षी एक तरी विमान मुलांच्या हातून घडवून घ्यावे, एवढीच माझी मागणी आहे.