प्लास्टर निघालं, पण हात कामाला आला का?

आजची नोंद पिकाची नाही, पिकवणाऱ्याच्या अंगाची आहे.

बैलाचा खांदा सुजला तर आपण त्याच्यावर जू ठेवत नाही. दावणीला बांधतो, हळद-तेल लावतो. खांदा बरा झाल्यावरही पहिल्या दिवशी हलकं काम देतो, तेही अर्धाच दिवस. हे कुणी शिकवावं लागत नाही. मग स्वतःच्या बाबतीत ही अक्कल कुठं जाते? माणसाचं हाड मोडलं की गावात एकच प्रश्न, "प्लास्टर कधी निघणार?" जणू ते निघालं की दुसऱ्या दिवशी गडी शेतात!

माझं मत सरळ आहे. प्लास्टर निघणं म्हणजे बरं होणं नव्हे. तिथून अंग कामासाठी तयार करायचं काम सुरू होतं, आणि ते पेरणीआधीच्या मशागतीइतकंच गरजेचं आहे.

गेल्या खरिपात, पोळा झाल्यावर, पावसानं निसरड्या झालेल्या बांधावर मी हातावर पडलो. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा सोयाबीन काढणीला आलेलं. हात बघितला तर डाव्यापेक्षा बारीक, मूठ पुरती मिटेना, चहाचा कप धरला तरी थरथर. हाड जुळलं होतं, पण न वापरलेला स्नायू झिजतो आणि सांधा आखडतो. प्लास्टर असताना बोटं, कोपर, खांदा हलवत राहायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. "हलवू नको" म्हणणारे गावात दहा भेटले. मी डॉक्टरांचं ऐकलं, म्हणून निदान खांदा तरी आखडला नाही.

नंतर फिजिओथेरपीवाल्या ताईंनी क्रम लावून दिला. कोमट पाण्यात बोटांची उघडझाप, मग मनगट वर-खाली, मग ओला पंचा पिळणं, मग पीठ मळणं. मी रोज भाकरीचं पीठ मळायला बसलो. घरात सगळे हसले, पण पंधरा दिवसांत मूठ मिटली.

पुढचा टप्पा वजनाचा, आणि घाई इथंच नडते. १६ लिटरचा पाठीवरचा पंप भरला की २० किलोच्या आसपास जातो, वर दांडा मारायचा तो वेगळाच. युरियाची गोणी ४५ किलोची. उठल्या उठल्या हे झेपत नाही. डॉक्टरांनी वजनाला होकार दिल्यावर मी स्वच्छ धुतलेल्या पंपात ४ लिटर साधं पाणी घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या. आठवड्यानं ८ लिटर, मग १२. खूणगाठ एकच. काम करताना थोडं ओढल्यासारखं वाटलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसली किंवा दुखणं वाढलं तर वजन कमी करायचं. मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली तर थेट डॉक्टर.

या दिवसांत माणूस काही निकामी नसतो. मी हरभऱ्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासली, तुरीतल्या कामगंध सापळ्यातले पतंग मोजले, मजुरांची हजेरी लिहिली. हीही शेतीचीच कामं आहेत, आणि एरवी आपण तीच टाळतो.

"पण काढणी कोण करणार?" हा प्रश्न खरा आहे. आमच्याच शिवारातल्या एकानं प्लास्टर निघाल्यावर सहाव्या दिवशी विळा धरला. मनगट पुन्हा सुजलं आणि त्याचा रब्बी हंगाम दुसऱ्याच्या हातानं गेला. त्याला मूर्ख म्हणून चालणार नाही. त्याच्यामागं दुसरा माणूस नव्हता.

राज्य कामगार विमा योजनेतल्या कामगाराला कामावर इजा झाली तर कामावर परत जाता येईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. आपल्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजना आहे. तिच्यात मृत्यूला २ लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. ती हवीच. पण हाड मोडून तीन महिने घरी बसणाऱ्याला तिच्यात काही नाही. शेतकरी मेला किंवा कायमचा अधू झाला तरच हिशेबात येतो, बरा होत असताना येत नाही. हे बदलायला हवं.

ते होईल तेव्हा होईल. तोवर सावड आहे ना! पूर्वी एकमेकांच्या रानात फिटंफाट काम व्हायचं. ज्याचा हात प्लास्टरमध्ये आहे त्याची काढणी चार घरांनी मिळून करावी, त्यानं ती पुढच्या हंगामात फेडावी. मजूर बाईचा पाय आपल्या रानात मोडला तर तिचा खाडा मांडू नये. उभं राहता येईपर्यंत बसून करायचं काम द्यावं, निवडणं-टिपणं, आणि हजेरी पूर्ण द्यावी.

या पानावर कृषी खात्यातली मंडळीही आहेत, त्यांना एक विनंती. शेतीशाळेत कीड-रोगावर बोलता तसा अर्धा तास फिजिओथेरपिस्टला द्या. औजाराची देखभाल शिकवता, ते धरणाऱ्या हाताचीही शिकवा.

तुमच्या गावात अजून सावड चालते का? चालत असेल तर कशी, ते जरूर सांगा.