व्हॅक्यूमची मोटर: आधी आवाज ऐका, मग पाना उचला



या वेळचा विषय आपल्यातल्याच एका तरुणाच्या प्रश्नावरून घेतला आहे. पलसाण्याला त्याचे कार वॉशिंग सेंटर आहे. त्याने विचारले, "काका, एका वर्षात व्हॅक्यूमच्या तीन मोटरी जळाल्या. आता मशीनच बदलून टाकू का?" नवीन मशीन घ्यायचे तर पुन्हा कर्ज काढावे लागणार होते, म्हणून मी आधी जाऊन पाहायचे ठरवले.

पलसाण्याच्या चार रस्त्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि हजिऱ्याहून धुळ्याकडे जाणारा रस्ता एकमेकांना भेटतात. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत हाच रस्ता आपल्या खान्देशात जातो. सुट्टी संपवून गावाहून परतलेल्या गाड्यांच्या मॅटवर काळ्या मातीची भुकटी असते, सीटखाली शेंगांची टरफले असतात. त्यात आजूबाजूला डाईंग-प्रिंटिंगच्या मिला आणि कापडाची ने-आण, त्यामुळे हवेत बारीक तंतू उडत असतात. एवढे सगळे व्हॅक्यूमला गिळावे लागते. घरच्या व्हॅक्यूमला आठवड्यातून अर्धा तास काम असते, सेंटरवरचा रोज चार-पाच तास चालतो.

आत असते काय? घरच्या मिक्सरमध्ये असते त्याच जातीची, कार्बन ब्रशवर चालणारी युनिव्हर्सल मोटर. आपला छताचा पंखा मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे घेतो, ही मोटर वीस हजारांच्याही वर जाते. तिच्या दांड्यावर एक, दोन किंवा तीन पंखे बसवलेले असतात, त्यांना स्टेज म्हणतात. सेंटरवर ओला कचराही ओढला जातो, म्हणून तिथे 'बायपास' मोटर लागते. तिच्यात कचऱ्याची हवा वेगळ्या वाटेने जाते आणि मोटर थंड ठेवणारी हवा वेगळ्या. घरगुती सुक्या व्हॅक्यूममध्ये बहुधा ओढलेली हवाच मोटरवरून फिरते. तसली मोटर सेंटरच्या मशीनला बसवली तर पाणी थेट वायंडिंगवर जाते.

आता आवाजाची गंमत. पाईप किंवा फिल्टर तुंबला की मोटरचा आवाज बारीक आणि चढा होतो. ऐकणाऱ्याला वाटते, मशीन जोरात चालले आहे. खरे तर ओढायला हवाच उरलेली नसते, भार कमी होतो, म्हणून मोटर जास्त वेगाने फिरते. काम होत नाही, ब्रश आणि बेअरिंग मात्र झिजतात. आवाज चढला की बटण बंद करून फिल्टर झाडायचा, ही सवय कामावरच्या प्रत्येक मुलाला लावायला हवी.

त्या तरुणाच्या मशीनचे झाकण उघडले तेव्हा थंड हवेच्या जाळीवर तंतूंचा जाड थर बसला होता. फिल्टर फाटलेला होता. पाणी भरले की हवा बंद करणारा फ्लोट कुणीतरी काढून ठेवला होता, त्यामुळे शाम्पूचा फेस वर चढत होता. तीन मोटरी जळायची तीन कारणे एकाच डब्यात सापडली. मशीन बदलले असते तर चौथी मोटरही याच वाटेने गेली असती.

ब्रशचे गणित सोपे आहे. मोटर आणि वापर पाहून ब्रशची जोडी साधारण 500 ते 1000 तास टिकते. रोज चार तास आणि महिन्याचे 26 दिवस धरले तर महिन्याला 104 तास होतात. म्हणजे पाच ते दहा महिन्यांत ब्रश बदलायचेच. एक तृतीयांश लांबी उरली की दोन्ही ब्रश एकदम बदला. पूर्ण झिजेपर्यंत थांबलात तर ब्रशमागची तार किंवा स्प्रिंग कम्युटेटरवर घासते आणि काही शेकड्यांचे काम काही हजारांवर जाते. कम्युटेटरवर चॉकलेटी रंगाचा एकसारखा थर असेल तर ते चांगले लक्षण आहे, तो एमरी पेपरने घासू नका. नवीन ब्रश बसवल्यावर मोटर अर्ध्या व्होल्टेजवर वीस-तीस मिनिटे चालवली की ब्रशला कम्युटेटरची गोलाई येते. त्यासाठी दोन सारख्या मोटरी सिरीजमध्ये जोडतात, पण हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

मोटर कधी बदलायची? बेअरिंग खरखरू लागले, कम्युटेटरला खड्डे पडले, वायंडिंगचा जळका वास आला, किंवा दोनदा ब्रश बदलून झाले, तर तिच्यावर आणखी खर्च करू नका. नवीन घेताना 230 व्होल्ट, व्यास, उंची आणि स्टेजची संख्या जुनीशी ताडून पाहा. 120 व्होल्टची मोटर आपल्या लाईनवर लगेच जळेल. मोटरखालचे रबरी गॅस्केटही नवेच घाला. तिथून हवा गळली तर नव्या मोटरनेही ओढ येत नाही.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. 1200 वॉटची एक मोटर पाच अँपिअरच्या थोडे वर करंट घेते. तीन मोटरींचे मशीन म्हणजे जवळजवळ सोळा अँपिअर. ते साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर चालवू नये, त्याला वेगळी लाईन घ्यावी. ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला मुलगा आणि अर्थिंगची पिन तोडलेला प्लग, असे चित्र मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिले आहे. मोटर दुसरी आणता येते, पोरगा आणता येत नाही. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याशिवाय सेंटर उघडू नका. झाकण खोलण्याआधी प्लग काढा, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. आणि सांडलेले पेट्रोल किंवा पेटते थोटूक या यंत्राने कधीच ओढू नका.

तरुण वाचकांना एक माहिती देतो. हातात धरून चालवायच्या विजेच्या व्हॅक्यूमचे 1908 चे पेटंट अमेरिकेतल्या जेम्स स्पँगलर यांचे. ते ओहायोतल्या कँटन गावी एका दुकानात सफाईचे काम करायचे आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने त्यांना दम्याचा त्रास व्हायचा. रोज झाडू मारणाऱ्या माणसालाच धुळीवरचा उपाय सुचला. आपल्या घरांतून आता इंजिनिअर होणारी मुले आहेत, याचा आनंदच आहे. पण सुट्टीत एखादी बंद पडलेली मोटर घरच्या जाणत्या माणसाजवळ बसून खोलून पाहा. पुस्तकातला कम्युटेटर हातात घेतल्यावर जास्त चांगला समजतो.

पुढच्या वेळी गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाविषयी बोलू. तुमचे प्रश्न मंडळाकडे पाठवा, जमेल तसे उत्तर देईन.