दुसऱ्याचा कोड वाचायला कोण शिकवणार?

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा विषय विद्यार्थ्यांना पहिल्यांदा भेटतो आणि बहुतेक जण तो ‘थिअरीचा’ म्हणून बाजूला टाकतात. त्यांचं फारसं चुकतही नाही. वॉटरफॉल, स्पायरल, अजाइल ही मॉडेलं, त्यांच्या आकृत्या आणि फायदे-तोटे परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होतात. प्रात्यक्षिकाला लायब्ररी मॅनेजमेंट नाहीतर हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम ठरलेली. चौघांच्या गटात एक जण कोड लिहितो, दुसरा पीपीटी करतो, तिसरा रिपोर्ट टाइप करतो आणि चौथा प्रिंटआउट काढून आणतो. स्पायरल मॉडेलची आकृती स्पायरल बाइंडिंगमध्ये जाते, एक्स्टर्नल सही करतात आणि तो प्रोग्रॅम पुन्हा कोणी उघडत नाही. माझा आक्षेप या शेवटच्या गोष्टीला आहे. जो प्रोग्रॅम सबमिशननंतर कोणी वापरणार नाही, दुरुस्त करणार नाही, त्याच्यासाठी नीट नावं, चाचण्या, नोंदी यांचा खटाटोप कशाला, असं विद्यार्थ्याला वाटलं तर त्याला दोष देता येत नाही. म्हणून हा पहिला अभ्यासक्रम कोऱ्या फाइलपासून सुरू होऊ नये. दुसऱ्या कोणीतरी लिहिलेल्या, चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये बदल करणं हेच त्याचं मुख्य काम असावं.

नोकरीत पहिल्या दिवशी तसंच काम समोर येतं, आणि हे आजचं नाही. ऑक्टोबर १९६८ मध्ये ‘नाटो’च्या विज्ञान समितीने जर्मनीतल्या गार्मिश इथे जी परिषद भरवली, तिच्यापासून या विषयाचं नाव रूढ झालं. मोठे प्रोग्रॅम वेळेत होत नव्हते, झाले तर भरवशाचे नव्हते, ही तिथली चिंता होती. योगायोग असा, की टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस मुंबईत सुरू झाली तीही १९६८ मध्येच. पुढे २००० साल जवळ आलं तेव्हा वर्ष दोनच आकड्यांत लिहिण्याच्या जुन्या सवयीचा घोळ निस्तरायचं काम भारतीय कंपन्यांकडे मोठ्या प्रमाणावर आलं. ते काम म्हणजे परदेशातल्या, आधीच्या पिढीतल्या माणसांनी लिहिलेला कोबॉल वाचणं, तारखा कुठे कुठे दडल्या आहेत ते शोधणं आणि बाकी काही न बिघडवता त्या दुरुस्त करणं. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी घरांची घडी त्या वाचनाने बसली. एवढं होऊनही कोड वाचण्याचा एक तास आपल्या वेळापत्रकात दिसत नाही.

हे कौशल्य नसलं की काय होतं, याचं ४ जून १९९६ इतकं बोलकं उदाहरण दुसरं नसेल. त्या दिवशी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून निघालेलं एरियान-५ रॉकेट चाळीसेक सेकंदांत हवेत नष्ट झालं. दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान-४ वरून उचललेलं होतं, आणि तिथे ते व्यवस्थित चाललं होतं. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक संख्या ६४ बिटांच्या रूपातून १६ बिटांत बसवली जाई. एरियान-४ च्या मार्गावर ती कधीच एवढी मोठी होणार नाही, असा हिशेब करून, प्रोसेसरवरचा भार मर्यादेत ठेवण्यासाठी तिथलं संरक्षण मुद्दाम वगळलं होतं. नव्या रॉकेटचा मार्ग वेगळा, वेग जास्त; संख्या मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तोच कोड असल्याने तीही त्याच कारणाने बंद पडली. ज्या गणनेत हे घडलं, तिची एरियान-५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. चौकशी अहवालात एक बारीकसा तपशील आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: संरक्षण का वगळलं, याचं कारण मूळ कोडमध्ये थेट कुठेही लिहिलेलं नव्हतं. वाचणाऱ्याला ती ओळ साधी, निरुपद्रवी दिसली असणार. कॉमेंट का लिहायची, याची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हा एक प्रसंग वर्गात तासभर उलगडणं जास्त कामाचं आहे.

यावर जुने शिक्षक म्हणतील, की आधी सिद्धान्त कळला पाहिजे, मग प्रत्यक्ष काम. सिद्धान्त हवाच, प्रश्न तो कधी शिकवायचा हा आहे. विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधातली पायऱ्यापायऱ्यांची आकृती वॉटरफॉल म्हणून पाठ्यपुस्तकांत चिकटली. त्याच निबंधात रॉइस यांनी ती पद्धत अशीच राबवणं धोक्याचं आहे असं बजावलं होतं आणि मागे फिरण्याचे मार्ग सुचवले होते. विद्यार्थ्याला आकृती आठवते, इशारा आठवत नाही, कारण मागे फिरावं लागण्याचा अनुभव त्याला आलेलाच नसतो. फ्रेड ब्रुक्स यांचं तसंच. आयबीएमच्या ओएस/३६० वरच्या कामातून त्यांनी १९७५ मध्ये लिहिलं, की उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसं घातली तर उशीर वाढतो. चौघांत बोलण्याच्या जोड्या सहा होतात, दहांत पंचेचाळीस. सत्राच्या मध्यावर गटांनी आपला कोड एकमेकांना देऊन टाकायचा आणि दुसऱ्या गटाचं काम पुढे न्यायचं, असं एकदा करायला लावलं, की ब्रुक्स पाठ करावे लागणार नाहीत.

खरी अडचण साठ-सत्तर मुलांच्या वर्गाची आणि आधीच कामाने वाकलेल्या शिक्षकाची आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण आज त्या शिक्षकाला पंधरा-वीस गटांचे वेगवेगळे प्रकल्प तपासावे लागतात, म्हणजे खरं तर एकही नीट तपासता येत नाही. सगळ्या वर्गाला पाच-सात हजार ओळींचा एकच चालू प्रोग्रॅम दिला, तर शिक्षकाला तो एकच खोलात माहीत असावा लागेल. पहिले दोन आठवडे नुसता वाचायचा आणि चालवायचा, मग चाचण्या लिहायच्या, मग प्रत्येक गटाने वेगळा दोष दुरुस्त करायचा. पुढच्या बॅचला मिळेल तो याच बॅचने सुधारलेला, किंवा बिघडवलेला, प्रोग्रॅम. कॉपी होईलच, तयार प्रकल्प विकतसुद्धा मिळतात, तेव्हा आजही ती होतेच. पण गिटमध्ये कोणता बदल कोणी केव्हा केला याची नोंद राहते, आणि ‘ही ओळ का बदललीस?’ हा व्हायव्हातला प्रश्न विकतच्या उत्तराने सुटत नाही.

आता नवा आक्षेप ऐकू येतो: कोड यंत्रच लिहून देणार, मग एवढं कशाला? यंत्राने लिहिलेला कोडही दुसऱ्याचाच असतो. तो बरोबर आहे का, जुन्या कामाला धक्का लावतो का, हे पाहणारं माणूस लागतंच, आणि कोड जितका झपाट्याने तयार होईल तितकं वाचायचं काम वाढेल. राहता राहिली विद्यापीठाची लेखी परीक्षा. स्वायत्त महाविद्यालयांना तिची अडचण नाही, ती उद्याही बदल करू शकतात. संलग्न महाविद्यालयांसाठीही मार्ग आहे. ‘स्पायरल मॉडेलचे फायदे-तोटे लिहा’ या प्रश्नाच्या जागी चाळीस ओळींचा कोड छापा आणि विचारा, की यात वर्गणीची मुदत वर्षाऐवजी सहा महिने करायची झाली तर कोणत्या ओळी बदलाल आणि त्यामुळे आणखी काय मोडेल. छपाईचा खर्च अर्ध्या पानाने वाढेल.